वास्कोतली गुरुवारची मराठी प्रार्थना, सात वर्षं जाऊन झाल्यावर लिहितेय

गोव्यात बदली झाली की आपल्याकडची ख्रिस्ती माणसं फोन करून दोनच गोष्टी विचारतात, भाडं किती पडतं आणि मराठीत उपासना कुठं असते. भाडं तर दर वर्षी वर चाललंय, त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण दुसऱ्याचं उत्तर मी नीट देऊ शकते कारण वास्कोत दर गुरुवारी घरोघरी जी प्रार्थना भरते तिथं मी 2018 च्या एप्रिलपासून जातेय आणि फार कमी गुरुवार चुकलेत. ह्या गटाला नाव नाही, बोर्ड नाही, पावतीपुस्तक नाही. सगळे नुसतं "गुरुवार" म्हणतात. "ह्या वेळचा गुरुवार कुणाकडं?" एवढंच.

आधी कामाचं सांगते. वेळ संध्याकाळी सातची, सुरू व्हायला सव्वासात साडेसात होतात कारण कुणी वेर्ण्याच्या फॅक्टरीतून शिफ्ट संपवून येतं, कुणी झुवारीनगरहून. पूर्वी पणजीकडून येणारं एक कुटुंब कुठ्ठाळीच्या जाममध्ये अडकून निम्म्या प्रार्थनेला पोचायचं, 2022 च्या डिसेंबरात नवा झुवारी पूल उघडला तेव्हापासून ते सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असतात. जागा पाळीनं बदलते, बायणा, मांगोर हिल, नवे वाडे, चिखली, एक घर दाबोळीला नेव्ही क्वार्टर्समध्ये. माणसं साधारण पंधरा, पावसात नऊदहा. पेटी आहे, ढोलकी आहे, टाळ आहेत. दोन भजनं होतात, त्यातलं एक टिळकांचं असतंच असतं, नारायण वामन टिळक म्हणजे आपले रेव्हरंड टिळक. मग वचन म्हणजे बायबलमधला भाग, मग ज्याला बोलायचंय तो बोलतो, मग प्रार्थनेच्या विषयांची वही, मग प्रार्थना, मग चहा. भाषा मराठी, अधूनमधून कोकणी शिरते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

खाण्याचा एक नियम आहे तो मला फार आवडतो. चहा आणि सोबत एकच पदार्थ, तोही साधा. झालं होतं असं की मधे एकदा चढाओढच लागली, एका घरी केक, पुढच्या घरी केक आणि सामोसे, त्याच्या पुढच्या घरी बिर्याणीच, आणि मग ज्यांच्याकडं खरंच ओढाताण होती ती दोन घरं काहीतरी कारण सांगून पाळी टाळायला लागली. हे एका ताईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी कुणाचंही नाव न घेता पुढच्या गुरुवारी स्वतःच्या घरी फक्त चहा आणि पोदेराकडचे, म्हणजे इथल्या पाववाल्याकडचे, पाव ठेवले. पुढच्या घरी पोहे, त्याच्या पुढं उकडलेले चणे. एकही भाषण न होता नियम बसला. आता कुणी जास्त केलं तर ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकायचं.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते कारण रिव्ह्यूचा खरा भाग तोच आहे.

आम्ही मूळचे मिरजेचे. नवरा बार्जवर इंजिन ड्रायव्हर, मांडवीतून खनिज घेऊन मुरगाव बंदरात यायचं, परत जायचं. 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणींच्या 88 लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्याला खाणी बंद झाल्या. बार्ज जिथल्या तिथं नांगरून उभ्या राहिल्या. पहिल्या महिन्यात वाटलं होईल काहीतरी सुरू, दुसऱ्या महिन्यात मालकाने अर्धा पगार दिला, तिसऱ्यात फोन उचलणं बंद. मुलगा तिसरीत होता. भाड्याची खोली, वर मंगलोरी कौलं, मे महिन्यात आत भट्टी.

तेव्हा आम्ही दुसऱ्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायचो, नाव घेत नाही. मोठा हॉल, मोठे स्पीकर, माणसं भरपूर. तिथं नोकरी गेल्याचं सांगितलं तर एका बंधूंनी सगळ्यांसमोर नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की विश्वास कुठंतरी कमी पडतोय, घरात काही लपलेलं पाप असेल तर बाहेर काढा, मग दार उघडेल. नवरा काही बोलला नाही. घरी येऊन त्याने बायबल कपाटाच्या वर ठेवलं, जिथं हात पोचत नाही तिथं, आणि रविवारचं जाणं बंद केलं. मी दोन रविवार एकटी गेले. तिसऱ्या रविवारी पायच निघेना. कुणीही विचारायला आलं नाही. अडीचशे माणसांत तीन कमी झाले तर दिसत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

गुरुवारचं बोलावणं आलं ते वाण्याच्या दुकानात. माझ्या तोंडी मिरजेचं मराठी ऐकून एका काकांनी विचारलं, तुम्ही मिशन हॉस्पिटलच्या बाजूच्या का? काका रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांची बायको मिरजेला नर्सिंग शिकलेली. सलाम करून म्हणाले, गुरुवारी आमच्याकडं या, मराठीत आहे, काही बोलावं लागत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी का म्हटलं असेल माहीत नाही पण मी त्यावरच गेले.

आणि खरंच काही बोलावं लागलं नाही. चार गुरुवार मी नुसती बसले. भजनाला ओठ हलवायचे, प्रार्थनेला डोळे मिटायचे, आत काहीच नव्हतं, कोरडं. कुणी "ताई तुम्ही प्रार्थना करा" म्हणून आग्रह केला नाही. पाचव्या गुरुवारी वही फिरली तेव्हा मी नवऱ्याचं नाव लिहिलं आणि पुढं "काम".

ह्या वहीबद्दल सांगते. लाल कव्हरची दोनशे पानी वही, ज्याच्या घरी प्रार्थना त्याच्याकडं ती आठवडाभर राहते. आधीच्या आठवड्यातले न सुटलेले सगळे विषय यजमानाने आपल्या हाताने पुन्हा लिहून काढायचे, तारीख घालून. झेरॉक्स नाही, मोबाईलवर टाइप करणं नाही. विषय सुटला की पुढं हिरव्या पेनाने तारीख. सुरुवातीला मला हे शाळेच्या गृहपाठासारखं वाटलं. पण चौदापंधरा आठवड्यांनी वही आमच्याकडं आली आणि मी मागची पानं उलटली तर माझ्या नवऱ्याचं नाव चौदा वेगवेगळ्या अक्षरांत. एक अक्षर थरथरतं, त्या आजींना मोतीबिंदू झालाय. एक नेव्हीवाल्या पोराचं, टपोरं. एक शाळकरी मुलीचं, तिने "बार्ज" हा शब्द चुकीचा लिहून खोडून परत लिहिलेला. मी ती वही नवऱ्यासमोर ठेवली आणि काही बोलले नाही. त्याने ती बराच वेळ बघितली, पानावर बोट फिरवून. पुढच्या गुरुवारी तो आला. दाराजवळच्या खुर्चीत बसला, चपला पायाशी ठेवून, म्हणजे कधीही उठून जाता यावं.

त्या दिवशी काकांनी मार्कच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय घेतला होता, कफर्णहूमचा तो पक्षाघाती माणूस, चौघे त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटून त्याला खाटेसकट खाली सोडतात. काका म्हणाले इथं लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा. खाटेवरच्या माणसाने त्या वेळी काय विश्वास धरला होता ते लिहिलेलं नाही, तो तर एक शब्दही बोलत नाही. एवढंच बोलून ते थांबले. नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो आमच्याच खोलीतला गुरुवार होता, मी वर कौलांकडं बघत बसले, ह्यातली किती काढली तर माणूस खाली येईल. आमच्याकडं चौघं नव्हती, पंधरा होती.

काम मिळायला पुढं आठ महिने गेले. सगळा मिळून तेरा महिन्यांचा काळ. ह्या तेरा महिन्यांत गटाने काय केलं ते लिहिते कारण "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय" हे वाक्य किती स्वस्तात म्हटलं जातं ते मला माहितेय. शाळेची फी दोन टर्म भरली गेली, कुणी भरली ते आजपर्यंत कळलं नाही, शाळेच्या ऑफिसमध्ये विचारलं तर म्हणाले भरली आहे. दर शनिवारी एक स्टीलचा डबा यायचा, मासळीचं कालवण नाहीतर उसळ. आमच्याकडं डबा रिकामा परत द्यायची पद्धत नाही आणि मला रडू यायचं की भरून काय देऊ, तर डबा घेऊन येणाऱ्या ताईंनीच एकदा सांगितलं, अगं परसातली कढीपत्त्याची दोन पानं टाक, झालं. मग मी कढीपत्ता द्यायचे. शेवटी जहाज दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये नवऱ्याला काम लागलं तेही गटातल्याच एकाने माणूस हवाय म्हणून ऐकून दुपारच्या उन्हात स्कूटरवर येऊन सांगितलं म्हणून. त्या गुरुवारी हिरवा पेन नवऱ्याच्या हातात दिला.

पण सगळ्या ओळी हिरव्या होत नाहीत, हेही सांगायला पाहिजे. मोतीबिंदूवाल्या आजींच्या मुलाचं नाव वहीत दोन वर्षं होतं. तो गेला. पुढच्या गुरुवारी सगळ्यांना प्रश्न होता आता त्या ओळीचं काय करायचं, खोडायची का, पुढं लिहायची का. आजींनीच पेन मागितला, निळा, आणि "प्रभूजवळ" लिहून तारीख घातली. आणि त्या खाली स्वतःचं नाव लिहिलं. त्यानंतर वर्षभर आजींचं नाव प्रत्येकाने लिहिलं. कुणी त्यांना म्हटलं नाही की रडू नका, देवाची इच्छा. त्या रडायच्या तेव्हा पेटी थांबायची, मग परत सुरू व्हायची.

2020 ला 1 जूनला मांगोर हिल कंटेनमेंट झोन झाला, गोव्यातला पहिला, आठवत असेल सगळ्यांना. आमची चार घरं आत अडकली. बाहेरच्यांनी भाजी दूध बॅरिकेडपर्यंत आणून द्यायचं आणि रोज सातला कॉन्फरन्स कॉल. नेटवर्क इतकं वाईट की एकत्र भजन म्हणणं शक्यच नव्हतं, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी यायचा, मग ठरलं एकाने एक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी म्यूट करून आपापल्या घरी म्हणायची. त्या काळात वास्कोच्या लोकांकडं बाहेरचे फार वाईट नजरेने बघायचे, आमच्या बिल्डिंगमधल्या एकीला कामावरून येऊ नको सांगितलं होतं. रोज सातला कुणीतरी आपलं नाव घेतंय हे तेव्हा भाकरीइतकंच लागायचं.

आता दोष. एक मोठा आहे आणि तो लपवला तर हा रिव्ह्यू खोटा होईल. जवळची माणसं म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि प्रार्थनेचा विषय आणि गावगप्पा ह्यात एका वाक्याचं अंतर असतं. एका तरुण जोडप्याने आपल्यातला वाद विश्वासाने सांगितला होता, पुढच्या आठवड्यात तो त्या मुलीच्या सासरी कोल्हापूरपर्यंत पोचला. "प्रार्थनेत ठेवा हं" म्हणून म्हणून पोचला. ते जोडपं परत आलं नाही, आम्ही दोनदा घरी गेलो, माफी मागितली, त्यांनी चहा दिला, नीट बोलले, पण आले नाहीत. मला आजही ते टोचतं कारण मीसुद्धा ते माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं, नाव न घेता, पण सांगितलं होतं. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. नवरा-बायकोतलं, आजारातलं, पैशातलं काही असेल तर ते सगळ्यांत न सांगता दोघातिघांतच सांगायचं, बायका बायकांत, पुरुष पुरुषांत, आणि वहीत फक्त नाव, विषय नाही. आणि सुरुवातीच्या प्रार्थनेत आता दर गुरुवारी एक वाक्य असतं की इथलं इथंच राहू दे. चार वर्षं झाली, परत तसं झालेलं माझ्या कानावर नाही.

दुसरं म्हणजे वेळ. साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते, सांगणारे थांबत नाहीत. साडेआठला संपायचं ते कधी साडेनऊ, लहान मुलं झोपून जातात, सकाळच्या शिफ्टवाल्यांचे हाल. मुलांसाठी वेगळं काही नाही, मुलगा आता नववीत आहे आणि त्याच्या वयाचे तीनच जण आहेत, ते मागं बसून मोबाईल बघतात, ह्यावर काहीतरी करायला पाहिजे, मी दोनदा बोललेय. मांगोर हिलला येणार असाल तर चारचाकी खाली ठेवून चढून या, वर वळवायला जागा नाही.

ज्यांना प्रश्न पडेल की हे कुठल्या पंथाचं आहे त्यांच्यासाठी, कुठल्याच एका नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाले आहेत, मेथडिस्ट घरातले आहेत, दोघी कॅथलिक आहेत. रविवारी जो तो आपापल्या चर्चमध्ये जातो आणि जायलाच पाहिजे, प्रभुभोजन तिथं, गुरुवारी ते होत नाही. एक हिंदू काकू भजनासाठी म्हणून तीन वर्षं येतायत आणि त्यांना कधी कुणी काही विचारलेलं नाही. आमच्या रेल्वेवाल्या काकांचा ह्यावर ठरलेला दाखला असतो की टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला त्यात बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोन्ही चालायचे. काकांनीच एकदा सगळ्यांना राशोलला नेलं होतं, सेमिनरी बाहेरून बघितली, तिथं 1616 मध्ये फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइट पाद्रींचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे 11 हजार ओव्या, आपल्या मराठीत. नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांनी फादरांना सांगितलं होतं म्हणे की आमची जुनी पुराणं सुटली, आता एकत्र बसून वाचायला आम्हाला काहीतरी द्या. त्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबे खाल्ले. माझ्या मनात तेच होतं, चारशे वर्षांपूर्वी सुद्धा त्यांना एकत्र बसायलाच काहीतरी हवं होतं.

आणि गोव्यात हे आपण नवीन करतोय असं समजू नका. आमच्या शेजारच्या आंटी कॅथलिक, त्यांच्या वाड्यावर सायबीण फिरते, म्हणजे मरियेची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरी, प्रत्येक घरी एक दिवस, संध्याकाळी सगळा वाडा त्या घरी तेर्स म्हणजे रोझरी म्हणायला, मग चणे, मग दुसऱ्या दिवशी मिरवत पुढच्या घरी. वर्षभर भांडून अबोला धरलेली घरंसुद्धा त्या दिवशी एकमेकांचा उंबरा चढतात कारण सायबीण शेजारच्याच घरातून यायची असते आणि पुढच्या घराला द्यायची असते. आमच्यात मूर्ती नसते, मी तिथं मागं उभी राहते, पण आंटी दर वर्षी हाक मारतात आणि मी जाते. आमची वही फिरते तेव्हा मला ते आठवतं. आंटी गुरुवारी येत नाहीत, त्यांना मराठी भजनं कळत नाहीत म्हणतात, पण आमच्या घरी पाळी असली की दुपारीच येऊन विचारतात खुर्च्या किती देऊ.

कुणासाठी नाही हे: ज्यांना चांगलं संगीत हवंय, जोरदार प्रवचन हवंय, वेळेत सुरू वेळेत बंद हवंय, किंवा मागं बसून कुणाला न कळता निघून जायचंय त्यांना जमणार नाही. इथं दोन गुरुवार आला नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी दारात उभं राहणार. काहींना त्याचा त्रास होतो, मला समजतं. नवीन आलेल्या एका मुलीने तसं स्पष्ट सांगितलं, तर आता तिला फक्त मेसेज करतात.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या जोडप्यासाठी कापलाय.

यायचं असेल तर कुठल्याही रविवारी वास्कोत मराठी बोलणारं एखादं ख्रिस्ती घर गाठा आणि "गुरुवार कुणाकडं" विचारा, सांगतील. ह्या महिन्यातला शेवटचा आमच्याकडं आहे. कौलांची खोली सोडली आम्ही, आता दुसऱ्या मजल्यावर आहोत, जिना अरुंद आहे, आजींना दोघांनी धरून वर आणावं लागतं तेव्हा सातच्या थोडं आधी आलात तर बरं होईल. घरातल्या अकरा खुर्च्या आणि आंटीच्या सहा. नवरा दाराजवळचीच खुर्ची घेतो अजून, आता उशिरा येणाऱ्यांना दार उघडायला.